काळी न पडलेली गाठ

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली गाठ म्हणजे लिम्फ नोड: जखमेकडून वाहत येणारा द्रव गाळणारी चाळणी. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी घर सोडून निघाल्या की त्याही बरेचदा आधी अशाच चाळण्यांमध्ये अडकतात. फरक एवढाच, की या गाठी ओटीपोटात खोल, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं असतात. त्या दुखत नाहीत आणि हाताला लागत नाहीत.

त्यांच्यात कर्करोग शिरला आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. शिरला नसेल तर प्रोस्टेट काढून टाकणं किंवा त्यावर रेडिएशन देणं पुरेसं ठरू शकतं. शिरला असेल तर केवळ मूळ जागेवर उपचार करून भागत नाही. हे ठरवायला सीटी आणि साध्या एमआरआयकडे एकच माप होतं, ते म्हणजे आकार. गोल गाठ 8 मिलिमीटरपेक्षा मोठी किंवा लांबट गाठ 10 मिलिमीटरपेक्षा जाड दिसली की संशय घ्यायचा. पण सुजलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हे अवधाण आलेल्या कुणालाही माहीत आहे. आणि लहान गाठ निर्दोष असते असंही नाही. शेवटी सर्जन गाठी काढायचा, पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पाहायचा, आणि खरं उत्तर तेव्हा मिळायचं.

इथे मांडलेलं प्रकरण आहे लोहाच्या एका सूक्ष्म कणाचं. त्यानं हे उत्तर ऑपरेशनच्या आधी देता येतं असं दाखवलं, जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जागा मिळवली, आणि तरीही तो बाजारात टिकला नाही. त्याचं नाव फेरुमॉक्सट्रान-10. अमेरिकेत तो कॉम्बिडेक्स म्हणून यायचा होता, युरोपात सिनेरेम म्हणून.

कण आणि त्याची उलटी रीत

चुंबकीय कण द्रवात तरंगत ठेवायची कल्पना रुग्णालयातली नाही. 1963 मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी मॅग्नेटाइट बारीक दळून ते केरोसीनसारख्या द्रवात मिसळलं. अवकाशात, वजनरहित अवस्थेत, रॉकेटचं इंधन चुंबकानं ओढून पंपाच्या तोंडाशी आणता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. इंधनासाठी ती युक्ती रुजली नाही, पण लोहाचा द्रव मात्र राहिला.

शरीरात घालायचा कण दळून बनवत नाहीत. लोहाचे दोन प्रकारचे क्षार डेक्सट्रान या साखरेच्या लांब साखळीसोबत पाण्यात विरघळवून अमोनिया घातला की काळपट लोह-ऑक्साइडचे स्फटिक तयार होतात आणि डेक्सट्रान त्यांच्यावर अस्तरासारखं बसतं. फेरुमॉक्सट्रानचा स्फटिक साधारण 4 ते 6 नॅनोमीटरचा, आणि अस्तरासकट पूर्ण कण 30 नॅनोमीटरच्या आसपास. स्फटिक इतका लहान असल्यामुळे तो कायमचा चुंबक राहत नाही. एमआरआयच्या यंत्रात असेपर्यंत तो जोरात चुंबकित होतो. बाहेर आला की उष्णतेच्या धडपडीनं त्याची दिशा सतत बदलत राहते आणि एकूण चुंबकत्व शून्यावर येतं. भौतिकशास्त्रात याला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. रुग्णाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की कण रक्तात एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत.

एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत टिपतो. लोहाचा कण आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतो, शेजारच्या हायड्रोजनची लय बिघडते आणि तिथला संकेत विझतो. विशिष्ट प्रकारच्या प्रतिमेत ती जागा काळी पडते. गॅडोलिनियम या धातूचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारं औषध) जागा उजळवतं, लोह ती विझवतं.

आता मुख्य गोष्ट. हा कण कर्करोग शोधत नाही. तो शिरेतून आत गेला की एक दिवसाहून जास्त काळ रक्तात फिरतो, कारण इतका लहान कण यकृताच्या भक्षक पेशींना पटकन सापडत नाही. मग रक्तवाहिन्यांतून हळूहळू पाझरून तो लसिकेत, म्हणजे गाठींकडे वाहणाऱ्या द्रवात, उतरतो आणि लिम्फ नोडमध्ये पोचतो. तिथल्या निरोगी भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्याला गिळतात. त्यामुळे 24 ते 36 तासांनी काढलेल्या एमआरआयमध्ये निरोगी गाठ काळी दिसते. कर्करोगानं जिथे मॅक्रोफेजना हुसकावून स्वतःची वस्ती केली आहे तो भाग कण गिळत नाही, म्हणून पांढराच राहतो.

म्हणजे ही वर्गातली हजेरी झाली. निरोगी पेशी ‘हजर’ म्हणतात आणि काळ्या पडतात. जो बोलत नाही त्याच्यावर संशय. पण हजेरीत गप्प राहिलेला प्रत्येक पोरगा पळूनच गेलेला असतो असं नाही, हे कुठल्याही मास्तरांना विचारा. या प्रकरणात पुढे जे जे घडलं, त्याचं मूळ मला या उलट्या रीतीत दिसतं.

मोठ्या आकाराचे कण आधीच वापरात आले होते. त्यांतला फेरिडेक्स अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झाला, तो यकृतासाठी. त्याचे कण मोठे, म्हणून यकृतातल्या भक्षक पेशी ते झटपट उचलायच्या. यकृत काळं पडायचं आणि त्यातली कर्करोगाची गाठ उजळ उठून दिसायची. रीत तीच. पण लहान कणाला गाठींपर्यंत पोचवण्याची वाट 1990 च्या सुमारास राल्फ वाइसलेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उघडली. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्स या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञही होते.

80 रुग्ण, 334 गाठी

जून 2003 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मुकेश हरिसिंघानी, येले बारेन्ट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बोस्टन आणि नेदरलँड्समधलं नाइमेखेन अशा दोन ठिकाणचे प्रोस्टेट कर्करोगाचे 80 रुग्ण. सगळ्यांचा एमआरआय कणांच्या आधी एकदा आणि कण दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर गाठी काढून किंवा त्यांची बायोप्सी करून पडताळणी.

तपासलेल्या गाठी 334. त्यांतल्या 63 मध्ये कर्करोग निघाला, आणि या 63 गाठी 33 रुग्णांच्या होत्या. आकाराच्या जुन्या मापानं बघितलं तर या 63 पैकी 45 गाठी निर्दोष ठरल्या असत्या. म्हणजे दहातल्या सात. गाठीगणिक पाहता साध्या एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर कर्करोग असलेल्यांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण, 35.4 टक्के निघाली आणि कणांसह केलेल्या एमआरआयची 90.5 टक्के. रुग्णागणिक पाहता कणांनी 33 च्या 33 पकडले. उरलेल्या 47 जणांपैकी फक्त दोघांवर खोटा आळ आला.

वैद्यकीय प्रतिमांच्या जगात असे आकडे रोज येत नाहीत. ज्या काळात प्रोस्टेटची गाठ पसरली का हे सीटीला विचारणं म्हणजे जवळजवळ नाणं उडवणं होतं, त्या काळात हा निकाल आला.

तरीही अभ्यास नीट वाचला तर दोन गोष्टी खटकतात. 80 रुग्णांत 334 गाठी म्हणजे माणशी चारेक. ओटीपोटातल्या गाठी विस्तारानं काढल्या तर पंधरा-वीस किंवा त्याहूनही जास्त हाती लागतात. म्हणजे इथे स्कॅनमधली कोणती गाठ पॅथॉलॉजिस्टच्या कोणत्या स्लाइडशी जुळते, हे ठरवण्यातच पुष्कळ कौशल्य खर्ची पडलं होतं. दुसरं म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान गाठींमध्ये संवेदनशीलता निम्म्याच्याही खाली आली होती. त्यात नवल नाही. गाठच जर यंत्राच्या दोन-चार ठिपक्यांएवढी असेल तर त्यातला पांढरा कोपरा कुणाला दिसणार?

पण हे दोष अभ्यासापेक्षा रीतीचे होते. गाठ पांढरी राहण्याची निरोगी कारणंही असतात. गाठीच्या मुखाशी चरबी असते, ती पांढरी दिसते. वय वाढलं की ती वाढते. जुन्या जळजळीनं पेशी वाढलेल्या असतील तर तिथेही कण कमी शिरतात. डोस कमी पडला किंवा स्कॅन फार लवकर काढला तर कण पोचलेलेच नसतात. आणि आतडी हलली की प्रतिमा पुसट होते. कर्करोगाला चिकटणारा पदार्थ असता तर ‘दिसला’ एवढं पुरलं असतं. इथे ‘दिसला नाही’ याचा अर्थ लावायचा होता, आणि अर्थ लावणारा डोळा रोज शेकडो गाठी पाहून तयार झालेला असावा लागतो.

मार्च 2005

अमेरिकी औषध प्रशासनापुढे अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्सनं जी मागणी ठेवली ती प्रोस्टेटपुरती नव्हती. ज्यांना मूळ कर्करोग झाल्याचं नक्की आहे आणि जो गाठींत पसरण्याचा धोका आहे, अशा सर्वच रुग्णांमध्ये कॉम्बिडेक्स वापरायला परवानगी हवी होती. स्तन, मूत्राशय, मान, फुप्फुस, सगळंच त्यात आलं.

3 मार्च 2005 रोजी कर्करोगाच्या औषधांवरील सल्लागार समिती बसली आणि तिनं मोठ्या बहुमतानं ही विस्तृत मागणी नाकारली. एकेका कर्करोगाचे रुग्ण थोडे होते, आणि एका कर्करोगात जे दिसलं ते दुसऱ्यात तसंच दिसेल हे गृहीत धरायला समिती तयार नव्हती. सुरक्षिततेचा मुद्दाही होता. सुरुवातीच्या काळात औषध न पातळ करता एकदम शिरेत दिल्यावर एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर ते सलाइनमध्ये मिसळून साधारण अर्ध्या तासात थेंबथेंब द्यायची पद्धत ठरली होती. पण निदानाच्या औषधाला अशा घटनेचा हिशोब फार कडक द्यावा लागतो. केमोथेरपीत धोका पत्करतात, कारण समोर उपचार असतो. निरोगी निघू शकणाऱ्या माणसाला केवळ फोटो काढण्यासाठी धोक्यात घालणं वेगळं.

त्याच महिन्यात प्रशासनानं कंपनीला अटी घालून मंजुरीयोग्य असल्याचं पत्र दिलं. म्हणजे दार बंद झालं नव्हतं, पण आत यायचं तर आणखी अभ्यास करून यायचं होतं.

माझं मत विचाराल तर समितीनं उत्तर बरोबर दिलं, चुकीचा होता तो प्रश्न. हजेरीची रीत प्रत्येक वर्गात वेगळी वागते. मानेतल्या गाठी दात, हिरड्या आणि घशाच्या संसर्गानं आयुष्यभर सतावलेल्या असतात. काखेतल्या गाठींत चरबी जास्त. ओटीपोटात हाडांचा सांगाडा स्थिर, त्यामुळे प्रतिमा तुलनेनं स्वच्छ. ज्या एका जागी कणानं नाव कमावलं होतं तेवढीच जागा मागितली असती, तर चर्चा निराळी झाली असती असं मला वाटतं. अर्थात बाजाराचं गणित एकाच अवयवावर भागत नसावं.

युरोपातली खेळी आणि डोळ्यांचा प्रश्न

युरोपात फ्रान्सच्या गेर्बे कंपनीनं सिनेरेमसाठी मागणी कमी केली. प्रोस्टेट, मूत्राशय, गर्भाशय अशा ओटीपोटातल्या कर्करोगांपुरती. म्हणजे वर मी म्हटलं तो शहाणपणा केला गेला. तरीही डिसेंबर 2007 मध्ये गेर्बेनं अर्ज मागे घेतला.

कारण पुन्हा तेच, डोळे. अर्जाचा आधार असलेल्या मुख्य चाचणीत प्रतिमा अशा रेडिओलॉजिस्टांना दाखवल्या गेल्या होत्या, ज्यांना रुग्णाविषयी काहीच माहीत नव्हतं. अशा वाचकांच्या नुसत्या पाहण्यात संवेदनशीलतेचा फायदा सातत्यानं आणि सांख्यिकीदृष्ट्या ठळक दिसला नाही. नाइमेखेनच्या खोलीत जे उघड दिसत होतं, ते तिथं न शिकलेल्या माणसांना दिसलं नाही. चाचण्यांच्या दृष्टीनं हे अपयशच. शेवटी औषध विकायचं ते सगळ्या रुग्णालयांना.

गंमत पुढे आहे. 2008 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये नेदरलँड्समधल्या अनेक रुग्णालयांचा अभ्यास आला. मध्यम किंवा जास्त धोक्याचे 375 रुग्ण. त्यांतल्या 61 जणांच्या गाठींत कर्करोग होता. सीटीनं त्यांतले 21 पकडले, कणांच्या एमआरआयनं 50. संवेदनशीलता 34 टक्क्यांवरून 82 वर. 2003 च्या शंभर टक्क्यांपेक्षा कमी, पण वास्तवाच्या जास्त जवळची. आणि स्कॅन स्वच्छ निघाला तर गाठी खरोखर स्वच्छ असण्याची शक्यता 96 टक्के. संशोधकांचं म्हणणं असं, की स्कॅन स्वच्छ असलेल्यांच्या गाठी काढायची गरजच नाही. उलटी रीत इथे कामाला आली. सगळ्या गाठी नीट काळ्या पडल्या असतील तर प्रत्येकीनं हजेरी दिली आहे. ‘कुठेच काही नाही’ हे ठामपणे सांगायला हा कण ‘इथे काहीतरी आहे’ हे सांगण्यापेक्षा जास्त लायक होता.

पण हा अभ्यास छापून येईपर्यंत युरोपातला अर्ज मागे घेतलेला होता.

लोहाची इतर भावंडं

फेरिडेक्सचं उत्पादनही 2008 मध्ये थांबलं. त्याच वर्षी अमेरिकेत गॅडोलिनियमवर आधारलेलं, यकृताच्या पेशींत शिरणारं नवं कॉन्ट्रास्ट मंजूर झालं. तेही निरोगी यकृतालाच रंगवतं, पण काळं नाही, उजळ. शिवाय दुसऱ्या दिवशी बोलवावं लागत नाही, वीस मिनिटांत काम होतं. रेडिओलॉजिस्टला काळ्या यकृतात उजळ ठिपका शोधण्यापेक्षा उजळ यकृतात काळा ठिपका शोधणं सोपं जातं. यंत्राशेजारी बसून पाहिलं की कुणालाही हे पटेल.

अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्सनं 2007 मध्ये नाव बदलून एएमएजी फार्मास्युटिकल्स केलं आणि तीच विद्या दुसरीकडे लावली. फेरुमॉक्सिटॉल हा त्यांचा दुसरा लोह-कण 2009 च्या जूनमध्ये मंजूर झाला. प्रतिमेसाठी नाही, तर मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर! कॉम्बिडेक्सचा डोस दर किलोला 2.6 मिलिग्रॅम लोह, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 182 मिलिग्रॅम. फेरुमॉक्सिटॉलच्या एका कुपीतच 510. कण गिळणाऱ्या पेशी ते लोह शेवटी शरीराच्या साठ्यात जमा करतात आणि त्यातून हिमोग्लोबिन बनतं. प्रतिमेच्या दृष्टीनं जो शेवटचा कचरा, तोच इथे औषध.

हे औषध बाजारात आल्यामुळे काही केंद्रांनी ते लेबलबाहेर, म्हणजे मंजुरी नसलेल्या कामासाठी, मेंदूच्या गाठींच्या एमआरआयमध्ये वापरलं. ओरेगॉनमध्ये यावर बरंच काम झालं, विशेषतः ज्यांना मूत्रपिंडामुळे गॅडोलिनियम देता येत नाही अशा रुग्णांसाठी. पण मार्च 2015 मध्ये अमेरिकी प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. मंजुरीनंतर 79 रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आला होता, त्यांतले 18 दगावले. अ‍ॅलर्जीची भीती अशी भावंडातही उतरली. आणि एक व्यवहारी अडचण: हे औषध घेतल्यावर पुढचे तीन महिने दुसऱ्या कुठल्याही एमआरआयची प्रतिमा बिघडू शकते. लोह घेतलेला रुग्ण पाठदुखीसाठी दुसऱ्या गावात स्कॅन करायला गेला आणि त्यानं हे सांगितलं नाही, तर तिथल्या डॉक्टरांनी त्या काळ्या यकृताकडे पाहून डोकंच खाजवायचं.

पीएसएमए आल्यावर

डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत गॅलियम-68 पीएसएमए-11 मंजूर झालं. हा पदार्थ प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटतो आणि पेट स्कॅनमध्ये ती जागा दिव्यासारखी पेटते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या 302 रुग्णांच्या चाचणीत पीएसएमए पेट-सीटीची अचूकता 92 टक्के निघाली, नेहमीच्या सीटी आणि हाडांच्या स्कॅनची 65. आज मुंबई-पुण्यात प्रोस्टेटच्या रुग्णाला ‘पीएसएमए करून या’ असं सर्रास सांगतात. लोहाच्या कणाचं नाव तिथे निघत नाही.

याचं कारण अचूकतेपेक्षा रीतीत जास्त आहे असं मला वाटतं. पेटलेला दिवा दाखवायला शिकवावं लागत नाही. ‘हे बघा’ म्हटलं की सर्जनला, रुग्णाला, रुग्णाच्या मुलालाही कळतं.

पण दिव्यालाही मर्यादा आहे. पेट स्कॅनची धार एमआरआयएवढी बारीक नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या वस्तीचा उजेड बरेचदा पसरून विरून जातो. काही रुग्णांच्या कर्करोगावर ते प्रथिन पुरेसं नसतंच. म्हणून नाइमेखेननं कणाला सोडलं नाही. रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयात बारेन्ट्स आणि त्यांच्या गटानं कण पुन्हा बनवून घेतला, आणि त्याच गावातली एक कंपनी तो फेरोट्रान नावानं पुढे नेते आहे. आता तिथे 3 टेस्लाची ताकदवान यंत्रं आहेत आणि दोन दशकांत घडलेले डोळे आहेत.

2021 मध्ये या गटानं दोन्ही रीती एकाच रुग्णांवर लावून पाहिल्या. 45 रुग्ण. पीएसएमए पेटनं 71 संशयित गाठी दाखवल्या, कणांनी 160. दोघांनाही एकत्र दिसल्या फक्त 52. कणांनी दाखवलेल्या गाठी सरासरीनं लहान होत्या.

हे आकडे कणाच्या बाजूचे वाटतात, आणि असूही शकतील. पण 160 गाठी काळ्या पडल्या नाहीत, एवढंच या आकड्यातून कळतं. त्यांतल्या किती कर्करोगानं पांढऱ्या राहिल्या आणि किती चरबीनं किंवा जुन्या संसर्गानं, हे स्कॅन सांगत नाही. म्हणून फेरोट्रानची मोठी युरोपीय चाचणी पुन्हा 2003 च्याच वाटेनं निघाली: आधी लोहाचे थेंब, दुसऱ्या दिवशी एमआरआय, मग ऑपरेशन, आणि शेवटी एकेक गाठ नकाशावरच्या तिच्या जागेसकट पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर.